पाडीचा पट्टा

मी मॅट्रिक झाले तेव्हा वडील डहाणू रोड स्टेशनात बुकिंग क्लार्क होते आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. माझ्या नाकावर सदा राग, त्यामुळे ती बोलणी फार लांबत नसत. एकदा मुलाकडच्यांनी ‘मुलीला राग येतो का?’ असं विचारलं आणि मला तिथल्या तिथे राग आला. शेवटी कंटाळून वडिलांनी मला ओळखीच्या एका शेठजींच्या चिकूवाडीत कामाला लावलं. शेठजींना इंग्रजी पत्रं लिहायला कुणीतरी हवं होतं आणि मला घराबाहेर पडायचं होतं. महाराष्ट्र वेगळा होऊन तेव्हा वर्ष-दोन वर्षं झाली असतील.

पत्रं चिकूच्या व्यापाऱ्यांना लिहायची असतील, असं मी धरून चालले होते. पण व्यापारी गुजरातीत बोलत आणि तोंडावरच भांडून मोकळे होत. इंग्रजी पत्रं होती ती एका यंत्राच्या पायी. वाडी डहाणूहून नरपडला जाणाऱ्या रस्त्यावर होती. पावसाळ्यात चिकूच्या ओळींमधून कमरेएवढं गवत माजे. ते कापायला शेठजींनी मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून छोटा ट्रॅक्टर घेतला होता. चार बुटकी चाकं, पोटाखाली गरगर फिरणारं पातं, वर लोखंडी बैठक. रंग लाल आणि चण लहान, म्हणून वाडीतले सगळे त्याला ‘पाडी’, म्हणजे कालवड, म्हणत. शेठजीही म्हणत. मी मात्र पहिले दोन महिने पत्रात आणि बोलण्यात त्याचा पूर्ण इंग्रजी नंबर घेत असे. मॅट्रिकचा ताठा होता, दुसरं काय.

पाडी चालवायचा तो वेवजीचा एक वारली, माझ्या वडिलांहून थोडा लहान. मी त्याला दादा म्हणे. तरुणपणी ताडगोळे काढायला चढला आणि ताडावरून पडला, तेव्हापासून उजवा पाय ओढत चालायचा. शिडीवर चढून चिकू उतरवणं, टोपल्या वाहणं, आळी खणणं, यातलं काहीच त्याला जमत नव्हतं. पण पाडीच्या बैठकीवर बसला की तो पाय कुणाला दिसतही नसे. गवत कापायच्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून येई. तो सगळ्यांना अरेतुरे करी, शेठजींनाही. त्यांच्या बोलीत अहोजाहो नव्हतंच. वाडीत तो, त्याची बायको आणि दोन मुली एका खोलीत राहत, आणि ती खोली पाडीमुळे होती. पाडी चालेल तोवर दादाचं काम, हे सगळ्यांना न सांगता माहीत होतं.

आता पाडी चालायची म्हणजे तिला सुटे भाग हवेत. यंत्राबरोबर एक पुस्तक आलं होतं. त्यात पाडीचा प्रत्येक तुकडा सुटा करून काढला होता आणि प्रत्येकाला नंबर दिला होता. स्वयंपाकातले मसाले मला ओळखू येण्याआधी ते नंबर पाठ झाले. मी नंबर घालून परदेशी कंपनीला पत्र पाठवायची. दोन महिन्यांनी उत्तर यायचं की हे मॉडेल आता बंद झालं असून आम्हांला खेद वाटतो. त्यांना फार सभ्यपणे खेद वाटायचा. मी उलट टपाली चार खरमरीत ओळी लिहायची आणि शेठजी त्यातल्या तीन खोडायचे. समजा भाग मिळाला असता, तरी तो आणायला सरकारी परवाना लागायचा, म्हणजे आणखी पत्रं.

तेव्हा भाग इथेच निघत. पातं झिजलं तेव्हा कासाच्या लोहाराने ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, तुटक्या पाट्यातून नवं घडवलं. हमरस्त्यावर ट्रक मोडत, त्यामुळे त्याच्याकडे पाट्यांना तोटा नव्हता. ते पातं मूळच्यापेक्षा जड झालं, पण गवतच काय, एकदा वाटेतली घमेल्याची कडही कापून गेलं. इंजिनाच्या झाकणाखालचा पुठ्ठा गेला, तर मी माझ्या भूमितीच्या वहीचा पुठ्ठा कापून बसवला. भूमितीचा मला झालेला तो एकमेव उपयोग. प्लग घासणं, तेल बदलणं, कचरा अडकलेली पेट्रोलची नळी फुंकून साफ करणं हे दादाने मला शिकवलं आणि पुस्तकातली चित्रं मी त्याला वाचून दाखवली. पेट्रोलच्या वासाने आई रोज मला मोरीत हात घासायला लावी.

आणि मग गणपती गेल्यावर, ऐन गवताच्या दिवसांत, पट्टा तुटला. इंजिनाची पुली आणि पात्याची पुली यांना जोडणारा रबरी पट्टा. नुसता तुटला नाही, त्याच्या चिंध्या झाल्या आणि अर्ध्या पात्याने कापून गवतात उडवल्या. आम्ही पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा कापून लावला. तो चपटा, पुलीची खाच खोल. दहा पावलांत बाहेर. मग चांभाराकडून चामड्याचा करून घेतला. तो उन्हात लांबला आणि सासरी आलेल्या नव्या सुनेसारखा नुसता जागच्या जागी थरथरत राहिला.

शेठजींचा धीर सुटत चालला. “नवरात्र बसतांसुधी चालली तो ठीक,” ते म्हणाले, “नाय तर भंगारमां. बायका विळ्याने कापतील.” हे ते दादासमोर म्हणाले.

नरपडची एक कोळीण वाडीत सुके बोंबील विकायला येई. मी तिला मावशी म्हणे. तिच्या नवऱ्याने होडीला नुकतंच इंजिन बसवलं होतं आणि त्याच्या सामानासाठी तो महिन्याला मुंबईची खेप करी. असा पट्टा तिथे मिळतो, पण माप पाठव, असं त्याने मावशीबरोबर कळवलं. माप म्हणजे पुन्हा पंचाईत. त्या दिवसांत इंच जाऊन सेंटिमीटर येत होते. वडिलांच्या ऑफिसात मण आणि किलोवरून रोज वाद झडत. माझ्या टेपवर एक, दुकानदाराच्या मनात दुसरं, असा घोळ नको, म्हणून मी शक्कल काढली. मावशीकडून जाळ्याचा नवा पांढरा सुती दोर घेतला. दादाने एक टोक धरलं, मी दोर दोन्ही पुलींवरून फिरवून आणला आणि बरोबर जागी गाठी मारून तो मावशीबरोबर पाठवला. दोराला इंचही कळत नाही आणि सेंटिमीटरही, तो खोटं कशाला बोलेल? स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की शेठजींना ती दोनदा समजावून सांगितली.

बारा दिवसांनी पट्टा आला. काळा, करकरीत, रबराच्या वासाचा. सगळे जमले. मी एका पुलीवर चढवला, दुसरीकडे ओढला. पोचेना. आणखी ओढला. चार बोटं आखूड.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं माप चुकलं असेल हे मनाला शिवलंही नाही. “दोर ताणू नका म्हणून सांगितलं होतं ना?” मी दादावर ओरडले. “ताणून धरलात, मग सोडल्यावर तो आखूडच होणार! एवढं टोकही धरता येत नाही?” चिकू निवडणाऱ्या बायका ऐकत होत्या, दादाची बायकोही त्यांच्यात होती. शेठजी पायऱ्यांवर उभे होते. दादा म्हणाला, “मी नाय ताणला, बाय.” एवढंच. मग पाय ओढत खोलीकडे गेला.

“बस, दीकरी, बहु थयुं, आता पुरे,” शेठजी म्हणाले. “रविवारी भंगारवाला येईल.”

दुसऱ्या दिवशी मी नरपडला गेले ती दुकानदाराला शिव्या घालायला. तो मुंबईत, म्हणून निदान मावशीच्या नवऱ्याला तरी. मावशी अंगणात जाळी वाळत घालत होती. बाजूला मोठ्या हंड्यात ऐनाच्या सालीचा लालभडक काढा निवत होता. मी पट्टा तिच्यासमोर धरला आणि माप मागितलं. तिने ओटीवरच्या खुंटीवरून दोर काढून दिला. गाठी माझ्याच होत्या. पण दोर गडद तांबडा.

“हा असा कसा झाला?”

“साल दिली ना त्याला!” मावशी कौतुकाने म्हणाली. “कोरा दोर मुंबयला पाठवाचा? लोक हसतील. जाळ्यांच्या संगती हंड्यात टाकला, चांगला दोन वेळा उकळला. आता बघ, दहा वरसं कुजाचा नाय.”

मी दोर पट्ट्याला लावून पाहिला. तंतोतंत. दुकानदार बरोबर, मावशीचा नवरा बरोबर. मावशीने एक कोरा दोर दिला, तो घेऊन मी तडक वाडीत आले आणि कुणाला न बोलवता एकटीने पुलींवरून फिरवला. तांबड्याहून चार बोटं लांब भरला. सुती दोर उकळला की आटतो. रविवारी उकळून धुतले की माझे नवे परकर आटतात हे मला ठाऊक होतं, आणि हे सुचलं नव्हतं. मला फार लाज वाटली. दादाच्या बायकोच्या देखत मी त्याला टोक धरता येत नाही म्हटलं होतं.

दादा खोलीबाहेर बाज विणत बसला होता. दारात एक बोचकं बांधून ठेवलेलं होतं. मी दोराची सगळी हकीकत सांगितली, पण माफीचा शब्द काही तोंडातून बाहेर येईना. उलट मी ती अशा तऱ्हेने सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावं, चूक सगळी मावशीची. दादा पोट धरून हसला. “पट्ट्याला जल्माआधीच साल दिली म्हातारीनी!”

मग हसू आवरून तो म्हणाला, “पट्टा लांब नाय होयाचा. तं इंजिन जवळ घेऊ.”

“म्हणजे?”

“बैल आखूड असला तं बैल ताणतं का कोण? जू सरकवतं.”

पट्टा जातो तसा येतो, म्हणजे तो चार बोटं आखूड तर इंजिन पात्याकडे फक्त दोन बोटं सरकवायचं. भूमितीत मला छत्तीस मार्क होते, पण हे कळलं. इंजिन चार बोल्टांवर बसलेलं होतं. तेवढी चार भोकं नवी पाडायची. शेठजींना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. डहाणूच्या सायकलवाल्याकडून हाताने फिरवायचं ड्रिल आणलं आणि शुक्रवार-शनिवार आळीपाळीने ते फिरवलं. माझ्या तळव्यांना फोड आले. दोन दिवस आम्ही शेजारी शेजारी बसून काम केलं, आणि दोन्ही दिवस मी माफी मागायची म्हणून तोंड उघडून ‘पाना द्या’ म्हणाले.

रविवारी भंगारवाला बैलगाडी घेऊन हजर झाला. चिकू निवडणाऱ्या बायका होत्या, मावशी बोंबील घेऊन आली होती, शेठजी पायऱ्यांवर. दादाने धुतलेला सदरा घातला होता. पट्टा चढला, घट्ट आणि सरळ. दादा बैठकीवर बसला, मी इंजिन सुरू करायची दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाडी धडधडली, पातं फिरलं आणि पुढचं गवत आडवं झालं. दादाने एक ओळ पूर्ण कापली, वळून दुसरी कापत माझ्यापाशी आणून पाडी थांबवली. इंजिन चालूच. शेठजींनी भंगारवाल्याला चहा द्यायला सांगितलं आणि बैलगाडी वळवायलाही सांगितलं. दादाची बायको तोंडाला पदर लावून खोलीत गेली. बोचकं सोडायलाच गेली असणार.

आता इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही, हीच वेळ बरी, असं मला वाटलं. मी दादाजवळ वाकून हळूच म्हटलं, “चूक माझी होती, दादा.”

त्याने कानाला हात लावला. “काय बोललीस, बाय?”

मी जरा मोठ्याने म्हटलं. त्याने मान हलवली. “इंजिनचा आवाज हाय. मना नाय कळलं.”

मग मात्र मी ओरडले. “चूक माझी होती! दोर तुम्ही ताणला नव्हता! मी उगाच बोलले तुम्हांला!” बायकांचे हात थांबले. शेठजी वळले. भंगारवाल्याने बशी खाली ठेवली. दादाची बायको खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“हां, बरा, बरा,” दादा म्हणाला आणि पाडी पुढे काढली.

पुढच्या आठवड्यात तो असाच गवत कापत होता आणि मी बाजूला उभी होते. पाडी पूर्ण वेगात धडधडत होती. अचानक त्याने ती थांबवली. “खालती एक नट वाजतो हाय,” तो म्हणाला. “मागच्या चाकाकडचा.” मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं. मी खाली वाकून बोट लावलं तर नट खरंच जेमतेम अर्धा फेरा ढिला होता.

मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो अगदी साळसूदपणे पुढच्या गवताकडे बघत होता. म्हणजे पहिल्या खेपेलाच त्याला सगळं नीट ऐकू गेलं होतं. माझ्या तोंडात काहीतरी आलं, ते मी गिळलं आणि नट आवळला.