संवत्सरीच्या दिवशीचा पूल

मंचरच्या पेठेत आमचं किराण्याचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. घरात मारवाडीचे चार शब्द उरलेत, भांडतो मात्र आम्ही मराठीतूनच. मंचर बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध, आणि आमच्या घरात बटाटा कधी शिजला नाही, कारण आम्ही जैन. जमिनीखाली वाढणारं खात नाही. सूर्य मावळल्यावरही खात नाही. अशा घरातला मी फौजेत गेलो, याचं नवल लोकांना अजून वाटतं.

मला वेड होतं पळण्याचं. कॉलेजात असताना रविवारी पोरांबरोबर लेण्याद्रीला जायचो आणि पायऱ्या पळत चढायचो. पोरं गणपतीच्या दर्शनाला जात, मी शेजारच्या लेण्यात थंड दगडाला पाठ टेकून दम घेत बसे. त्यातल्याच एकाने, वारूळवाडीच्या एका मेंढपाळाच्या मुलाने, भरतीची बातमी आणली. आम्ही दोघंही गेलो. तो छातीच्या मापात बाद झाला, मी लागलो.

बाबूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भरतीचं पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"मुंगीवर पाय पडू नये म्हणून आपण खाली बघून चालतो. आणि तू बंदूक धरणार?"

मी म्हणालो, माझी निवड रस्ते आणि पूल बांधणाऱ्या पलटणीत झालीय.

"बंदूक देतील की नाही?"

"देतील."

"मग झालं."

त्यानंतर चार वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. रजेवर आलो की ताट वाढलेलं असे, दुकानात बसायला जागा असे, पण बोलणं सगळं आईमार्फत. मी समोर बसलेला असताना ते तिला म्हणत, त्याला विचार, परतीची गाडी कधी आहे. आईसुद्धा मान वळवून मला तेच विचारायची. आम्हा तिघांना त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं.

खरं तर बाबूजींचा प्रश्न मलाही पडलेला होता. ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा गोळी चालवली तेव्हा समोर फक्त पुठ्ठ्याचा माणूस होता. तरी मनात नवकार मंत्र म्हणत चाप ओढला. पुढे सगळ्या नोकरीत माणसावर गोळी झाडायची वेळ माझ्यावर आली नाही. आली असती तर काय केलं असतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मी माझ्यापुरतं ठरवलं होतं की जे हातात आहे ते सोडायचं नाही. मांस-अंडं नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. बटाट्यापुढे मात्र मी वर्षभरात हरलो. फौजेच्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात, बटाटा सोडला तर उरतं काय?

आमच्या पलटणीत सगळ्या प्रांतांची माणसं होती, त्यामुळे देवही सगळेच. एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये रांगेने सगळ्यांची जागा. देवांच्या मूर्ती, ग्रंथसाहेब, क्रूस आणि पश्चिमेकडे तोंड केलेली जाजमं. रविवारी सगळी पलटण तिथे जमायची. पहिल्या रविवारी पलटणीचे पंडितजी मला म्हणाले, तुमच्या देवाचा फोटो आण, आपण लावू. मी सांगितलं की आम्ही स्थानकवासी, आमच्यात मूर्ती नसते. शेजारी उभे असलेले मौलवीसाहेब हसले आणि म्हणाले, मग ये, माझ्याकडे बस. काही महिने मी खरंच त्यांच्या बाजूच्या जाजमावर डोळे मिटून बसत होतो. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चौथ्या वर्षी आमची कंपनी वर पहाडात, सीमेजवळच्या एका खोऱ्यात गेली. तिथे मला माझ्या सेक्शनचे नवे नायक भेटले. मी नाव-गाव सांगितलं तसे ते कागद बाजूला ठेवून म्हणाले, "मंचरचा व्हय? आमी जुन्नरचे, भाऊ. आमचे अब्बा घाटघरच्या यस्टीवर कंडक्टर व्हते." दीड हजार किलोमीटरवर आपली भाषा ऐकून माझे डोळे भरले. वयाने ते सात-आठ वर्षांनी मोठे. कामावर मी त्यांना साहेब म्हणे, एरवी भाईजान.

त्या वर्षी त्यांचा रमजान आणि आमचं पर्युषण एकाच महिन्यात आलं. पर्युषण म्हणजे आमचे व्रताचे आठ दिवस, आणि शेवटचा दिवस संवत्सरी. तेव्हा माझं रोज असं चाले की लंगर उघडायचा अंधार पडल्यावर, म्हणून दुपारच्याच दोन रोट्या लोणच्याबरोबर रुमालात बांधून ठेवायच्या आणि सूर्य डोंगराला टेकायच्या आत खायच्या. एका संध्याकाळी पहाऱ्याच्या चौकीमागे मी घाईघाईने घास गिळत होतो. पहाऱ्यावर भाईजान होते, दिवसभराचा रोजा धरून. त्यांनी आधी माझ्या रोटीकडे आणि मग डोंगरावरच्या सूर्याकडे पाहिलं.

"तू त्यो बुडायच्या आत खातो, मी त्यो बुडायची वाट बघतो," ते म्हणाले. "मंग आपली ड्युटी येकमेकाला जुळती की राव."

दुसऱ्या दिवसापासून तसंच झालं. त्यांनी लंगरच्या हवालदाराला सांगून माझ्या रोट्या गरम मिळतील असं पाहिलं. मी जेवून, हात धुऊन सूर्यास्ताच्या आधी चौकीवर हजर होई आणि ते रोजा सोडायला जात. येताना माझ्यासाठी दोन खजूर आणत, पण लगेच देत नसत. कागदात गुंडाळून म्हणत, सकाळी खा, आता तुला चालायचं न्हाई.

संवत्सरीच्या आदल्या दिवशी वर ढगफुटी झाली. नाल्याला आलेल्या लोंढ्यात पलीकडच्या गावाचा एकमेव पूल वाहून गेला. ती सगळी वस्ती अडकली. तिकडून निरोप आला की एक बाई बाळंतपणात अडलेली आहे, दोन म्हातारे आजारी आहेत आणि पाऊस पुन्हा येणार आहे. संध्याकाळपर्यंत लोखंडी पुलाचे सुटे भाग घेऊन आमचे ट्रक काठावर लागले. पहाटे काम सुरू करायचं ठरलं.

मी संवत्सरीचा उपवास पाण्याशिवाय करायचा नेम धरला होता. पहाटे कंपनी कमांडर साहेबांनी, ते केरळचे ख्रिश्चन होते, सगळ्यांना उभं करून सांगितलं की ज्यांचा उपवास असेल त्यांनी बाजूला व्हावं, यात कमीपणा नाही. रोजेदार चौघं होते आणि मी. कुणीच हललं नाही.

हा पूल म्हणजे लोखंडी चौकटी एकमेकींना खिळ्यांनी जोडत जायचं. एक चौकट उचलायला सहा माणसं लागतात. आपल्या काठावर रोलरवर पूल बांधत जायचा आणि सगळ्यांनी मिळून तो पाण्यावरून पुढे ढकलत न्यायचा. एकाचा हात सुटला तर बाकी पाचांचे पाय जातात.

दुपारपर्यंत मी टिकलो. ऊन लागलं तशी जीभ टाळूला चिकटली आणि एका चौकटीखाली माझा खांदा क्षणभर ढिला पडला. पुढच्या गड्याने शिवी हासडून तोल सावरला. भाईजानांनी मला बाजूला घेतलं.

"तुझ्या धर्मात पानी पिऊन उपास हुतो का?"

होतो, म्हटलं. उकळलेलं पाणी चालतं, दिवस असेपर्यंत. पण माझा नेम कडक होता.

"तुझ्या नेमापायी दुसऱ्याचा पाय मोडला, तर ती कुनाची हिंसा?"

आठ दिवसांच्या सवयीने उकळलेल्या पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती. ती काढून मी घटाघट प्यायलो. मग बाटली हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांचे ओठ फुटले होते, आणि पुलाच्या टोकाशी, पाण्यावर लोंबकळत खिळे ठोकायचं काम त्यांचंच होतं. रमजानसाठी वर आलेल्या मौलवीसाहेबांनी सकाळीच सांगितलं होतं की अशा कामात रोजा सोडला तर पुढे भरून काढता येतो. भाईजानांनी एकदा नाल्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला.

"दे. ह्यो रोजा मी ईदनंतर धरीन."

माझ्याच बाटलीतलं उरलेलं पाणी ते प्यायले आणि टोकाकडे चालत गेले.

चारच्या सुमाराला पूल पलीकडच्या काठापासून दोन-तीन हातांवर आला आणि अडला. वर ढग जमायला लागले होते. दिवसभर जोर लावताना प्रत्येकाने आपापल्या देवाला हाक घातली होती. शिखांचा जयकारा झाला, हर हर महादेव झालं, या अली झालं, तमिळ गड्यांनी मुरुगनला बोलावलं. आता सगळ्यांचे घसे बसले होते. सुभेदारसाहेब ओरडले, आता कुणाचा राहिला?

टोकावरून भाईजानांचा आवाज आला, "मंचरवाल्याचा ऱ्हायला. बोला, जय जिनेंद्र!"

आमच्यात ही आरोळी नाही. दुकानात पाहुणा आला की हात जोडून हळू आवाजात म्हणायचा तो नमस्कार आहे. ऐंशी माणसांनी, त्यातल्या बहुतेकांनी तो शब्द जन्मात पहिल्यांदा उच्चारला असेल, तो अशा काही ताकदीने फेकला की खोरं दणाणलं. आम्ही ढकललं. दुसऱ्यांदा जय जिनेंद्र झालं आणि पुलाची चोच, म्हणजे पुढचं टोक, पलीकडच्या रोलरवर चढली. मी हसत होतो आणि रडतही होतो, आणि माझ्या शेजारचा सरदार माझ्या पाठीवर गुद्दे मारत होता.

सूर्य मावळायच्या आत फळ्या टाकून झाल्या. पहिली गाडी त्या बाईची गेली. आम्ही दोन्ही कडांना उभे होतो. तिच्या नवऱ्याने गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि जाता जाता आम्हा प्रत्येकाच्या हाताला लावत गेला. पुढच्या गावात दवाखान्यात तिला मुलगी झाली, हे वायरलेसवर कळलं तेव्हा लंगरमध्ये रोजेदार रोजा सोडून जेवायला बसले होते. सगळ्यांनी ताटं वाजवली. मी उपाशीच होतो, पण इतकं पोट भरल्यासारखं मला नंतर कधी वाटलं नाही.

संवत्सरीनंतर आम्ही लहानमोठ्यांची क्षमा मागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलटणीतून घरी फोन लावला. नेहमी आई उचलायची. त्या दिवशी बाबूजींनी उचलला.

"मिच्छामि दुक्कडं, बाबूजी," मी म्हणालो. माझं काही चुकलं असेल तर माफ करा.

मला वाटलं, रिसीव्हर आईकडे देतील.

"टीव्हीवर पूर दाखवत होते," ते म्हणाले. "तुझ्याच तिकडचा का?"

मी सगळं सांगितलं. पाणी प्यायलो तेही सांगितलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, पलीकडचं कुणी दगावलं नाही ना. नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला.

"मिच्छामि दुक्कडं, बेटा. चार वर्षांचं."

दिवाळीला रजा मिळाली. बाबूजी मला स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, घेऊन गेले. तिथे चातुर्मासासाठी आलेल्या साध्वी महासतीजींनी विचारलं की फौजेत राहून अहिंसा कशी पाळतोस. मी शब्द जुळवत होतो. बाबूजीच पुढे झाले आणि सगळ्या समाजासमोर त्या पुलाची गोष्ट सांगायला लागले. चौकटी किती, माणसं किती, कुणी कोणाला हाक मारली, सगळं. काही गोष्टी त्यांनी वाढवूनही सांगितल्या. महासतीजी शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, हा मुलगा परत जाईल तेव्हा मांगलिक, म्हणजे निघतानाचा आशीर्वादाचा पाठ, ऐकायला आधी इकडे आणा.

आम्हा दोघांचीही रजा संपली तेव्हा भाईजान जुन्नरहून पुण्याच्या गाडीत बसून आले होते, माझ्यासाठी शेजारची जागा धरून. मंचरच्या स्टँडवर गाडी लागली. मी ट्रंक उचलायला वाकलो, तर बाबूजी ती घेऊन आधीच गाडीत चढले होते. कंडक्टर घाई करत होता. बाबूजींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते सरळ भाईजानांपुढे जाऊन उभे राहिले, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाले, "तुम्ही याचे थोरले आहात. आमचे पण आता."

भाईजान उठून उभे राहायला लागले, तर बाबूजींनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, खिडकीशी, थोरल्याच्या मानाने.