रिजेक्ट ढिगातल्या एकोणीस दीर्घिका

संघपाल शिवशरण अक्कलकोट रोड एमआयडीसीत बावीस वर्षं चादरी तपासतात. धागा जरा ताणलेला दिसला की चादर रिजेक्ट. त्यांची मुलगी प्रतिक्षा माझी विद्यार्थिनी. दुर्बिणीनं टिपलेल्या दीर्घिकांचे दोनशे फोटो पुण्याच्या संशोधन संस्थेला पाठवण्याआधी निवडायला मी तिला दिले, तर ते वडिलांनीच तपासून टाकले! मी चिडून त्यांच्या घरी गेलो.

"एकोणीस खराब हायती, सर. मधल्या ठिपक्याभवती रेघ वाकलीय बघा," ते म्हणाले.

माझा राग तिथंच उतरला. पीएचडी केलेल्या मला दोन दिवसांत तशा वाकड्या रेघेचे चौदाच सापडले होते.

"संघपालभाऊ, हे खराब नाहीत. मधली दीर्घिका इतकी जड आहे, की तिच्या मागून येणारा प्रकाश वाकतो, उजळ होतो. ती वाकडी रेघ म्हणजे विश्व कोवळं असतानाची, फार दूरची दीर्घिका. एरवी ती दिसलीच नसती."

त्यांनी ते एकोणीस फोटो एकेक करून पुन्हा उजेडात धरले. मग रिजेक्टच्या ढिगातून उचलून सगळ्यांच्या वर ठेवले.

"मग ह्येच पयले पाठवा की. बाकीचा माल साधा हाय."