झिपरीची जागा

लढाईहून परतल्यावर काही वर्षांनी माझी बदली नाशिकजवळच्या तोफखान्याच्या फायरिंग रेंजवर झाली. मी नायक होतो. घर नांदगावला, म्हणजे त्याच जिल्ह्यात. पलटणीतले म्हणायचे, माहेरी पोस्टिंग मिळालं.

काम सरळ होतं. फायरिंगच्या दिवशी टेकडीवर लाल बावटा चढवायचा, दुर्बिणीतून रेंज बघायची, माणूस-जनावर नसेल तर वायरलेसवर ‘रेंज क्लिअर, सब ठीक’ असा रिपोर्ट द्यायचा. त्याशिवाय तोफ डागत नसत. अडचण एकच होती. रेंजमधून एक खोल ओहोळ जायचा. त्यात उतरलेल्याला बावटा दिसत नसे.

ती अडचण झिपरीने सोडवली. ही कुत्री कुठून आली कुणास ठाऊक. अंगभर केस, एक कान फाटका, आणि कुकहाऊसच्या चपात्यांवर पोसलेली. बावटा चढला की ही टेकडी उतरायची आणि ओहोळाच्या काठाने भुंकत सुटायची. गवत कापणाऱ्या बाया विळे उचलायच्या. ‘झिपरी आली, निघा,’ म्हणायच्या. रेंज मोकळी झाली की ती परत येऊन बावट्याच्या काठीला टेकून बसायची. आमच्या सुभेदारसाहेबांनी तिला लान्स नायक करून टाकलं होतं. ‘तुझ्यापेक्षा बरी ड्यूटी करते,’ हे मला वरचेवर ऐकावं लागे.

तिचं एकाच माणसाशी वाकडं होतं. रामनाथ नावाचा भंगारवाला. गोळ्यांच्या पितळेसाठी तो बंदी असताना चोरून रेंजमध्ये शिरायचा. एकदा झिपरीने त्याला पँटीला धरून ओहोळातून बाहेर ओढला. पँट फाटली. बाया पोट धरून हसल्या. त्याने तेव्हा तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला आवडली नव्हती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी झिपरी कुकहाऊसमागे पडलेली सापडली. तोंडाला फेस, पाय ताठ. मी जवळ बसलो तर शेपटी एकदा हलली, तेवढंच. बावट्याच्या काठीजवळ मी स्वतः खड्डा खणला. लढाईत सोबती गेले तेव्हा डोळे कोरडे ठेवले होते. इथे ठेवता आले नाहीत.

हौसाबाई त्या गवतवाल्या बायांतली थोरली. तिने मला बाजूला घेतलं.

“भाऊ, रामनाथनंच टाकलं. बोंबलात फवारणीचं औषिध कालवून. म्या पाह्यलं.”

“नक्की?”

“देवाची आन. लय गुणाची व्हती वो ती.”

त्याला मारायचंच असं मी ठरवलं. कसं, ते ठरलं नव्हतं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही आणि डोक्यात त्याच्या मानेशिवाय काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फायरिंग होतं. बावटा चढवला, दुर्बीण लावली. ओहोळाच्या वळणावर करवंदीच्या जाळीत निळा सदरा हलला. पाठ फिरवून कुणीतरी खोऱ्याने उकरत होता. तो वळला. रामनाथ.

वायरलेस खरखरला. “रेंज रिपोर्ट दो. ओव्हर.”

आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. मला दिसला हे फक्त मलाच माहीत होतं. ‘सब ठीक’ एवढे दोन शब्द पुरले असते. ते जिभेवर आले होते, खोटं कशाला बोलू.

“रेंज रिपोर्ट. जल्दी. ओव्हर.”

काठीशी उकरलेली माती अजून ओली होती. ज्या माणसाला तिने दातांनी ओढून बाहेर काढलं होतं, त्याला मी आत ठेवू शकलो नाही. त्याच्याबद्दल दया नव्हती, आजही नाही.

“स्टॉप. रेंज में आदमी है. ओव्हर.”

मी धावत खाली गेलो आणि त्याला गचांडी धरून वर ओढला.

“बावटा चढलाय, आंधळा आहेस का?”

“ओहोळातून दिसत नाय साहेब,” तो म्हणाला. “भुंकनं नाय ऐकलं, म्हनून वाटलं आज फायरिंग नाय.”

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. मी हात उगारला होता. तो तसाच राहिला.

सुभेदारसाहेबांना वायरलेसवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, शाम को पुलिस. तब तक तेरे पास.

मी त्याला बावट्याच्या काठीशी, झिपरीच्या जागेवर उभा केला. “ती करायची ते काम आता तू कर. ओरड.” तो ओरडू लागला. फायरिंग आहे, बाहेर निघा. थांबला की मी म्हणायचो, मोठ्याने. घसा बसला तरी सोडला नाही. फायरिंगच्या मधल्या सुट्टीत त्याच्याकडून ओहोळातले धोंडे वाहून घेतले आणि तिच्या मातीवर रचवले.

खालून हौसाबाईचा आवाज आला. “निघा गं बायांनो. झिपरीच्या जागी आज दुसरं कुत्रं भुकतंय.”

बाया हसल्या. त्या हसण्याने मला बरं वाटलं. खोटं सांगणार नाही, फार बरं वाटलं.

निवृत्तीनंतर मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली. रामनाथ पुढे अनेकदा रस्त्यात भेटला. हात जोडायचा. मी एकदाही नमस्कार घेतला नाही. लोक म्हणतात, कुत्र्यासाठी इतकं?

रामनाथला पकडलं त्या संध्याकाळी फायरिंग संपलं. पोलीस त्याला घेऊन गेले. मी बावटा उतरवायला लागलो आणि अर्ध्यावर थांबलो. हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. खालून सुभेदारसाहेबांना दिसलं असणार. वायरलेस बोलला.

“झंडा अटक गया क्या?”

“जी साब.”

वायरलेस पुन्हा खरखरला.

“अटका रहने दे.”