दोन पावसाळ्यांचा बांबू

"मागं सरका! मले पडायचं झालं त जागा पाह्यजे."

खेळ सुरू करण्यापूर्वी ती गर्दीवर अशी खेकसायची. डोंबाऱ्याचा खेळ तुम्हीही पाहिला असेल. हात जोडणं, मायबाप म्हणणं, लहान पोरांना हसवणं, मग खेळ. ही बाई यातलं काही करत नसे. कमरेवर हात ठेवून ती पहिल्या रांगेतल्या माणसांकडे अशी बघायची, जणू त्यांनीच तिच्या चुलीत पाणी ओतलं आहे. लोक मुकाट मागे होत. मग ती लुगड्याचा काचा घट्ट मारायची, दोन्ही तळवे राखेच्या ढिगात दाबायची आणि बांबूवर चढायची.

वय असेल चाळिशीचं. अंगानं काटक, रंगानं सावळी, आवाज चिरका. पायाचे अंगठे बाकीच्या बोटांपासून इतके लांब गेलेले की बाजारातली कुठलीच चप्पल तिला होत नसे. त्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमट्यात बांबू धरून ती वर जायची. शेंड्यावर बांधलेल्या फडक्याच्या चुंबळीवर पोट टेकवून हातपाय मोकळे सोडायची आणि गरगर फिरायची. खाली तिचा नवरा ढोलकी वाजवायचा. तो फारसं बोलत नसे. घरात एकानं बोललं की पुरतं, असं त्याचं मत असावं.

माझा दिग्रसला भोंगा भाड्यानं द्यायचा धंदा होता. लाउडस्पीकर म्हणायचं जिवावर येई लोकांच्या, भोंगाच म्हणत. लग्न, जत्रा, उरूस, निवडणूक, जिथं माणसं जमत तिथं मी बॅटरी आणि तबकड्या घेऊन हजर असे. तीही तिथंच असे. आमचं भांडण व्हायचंच होतं, ते पहिल्याच जत्रेत झालं.

मी जोरात गाणं लावलं होतं. ती बांबूवरून अर्ध्यातून उतरली, गर्दी कापत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बंद करा तो भोंगा."

"बाई, मला पंचानं सांगितलंय लावायला."

"पंच चढून राह्यले का वर? मी चढून राह्यली."

मग तिनं मला समजावलं, म्हणजे झापतच समजावलं. वर फिरताना डोळे कामाचे नसतात. आभाळ, माणसं, देऊळ सगळं एक होतं. त्या वेळी ढोलकी जिकडून ऐकू येते तिकडे खाली नवरा उभा आहे, तिकडे पाय सोडायचे, एवढंच कळतं. माझा भोंगा चारही बाजूंनी ऐकू येत होता.

मी सुई उचलली. त्या दिवसापासून, ती बांबूवर असेपर्यंत माझा भोंगा गप्प राहील, असा आमचा करार झाला. पंच ओरडले तर मी बॅटरी उतरली म्हणून सांगत असे. तिनं कधी आभार मानले नाहीत. खेळ झाला की मात्र ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा आणून माझ्या पेटीवर आदळायची. "खा, भोंगेवाले भाऊ. बॅटरी उतरली म्हणे तुमची."

एका उरुसात एका पहिलवानाला जोर चढला. बाईमाणूस चढते, त्यात काय आहे, असं तो चारचौघांत म्हणाला. ती म्हणाली, "चढ मग." गडी उघडा झाला, दंड थोपटले आणि माणूसभर उंच गेला. तिथून त्याला ना वर जाता येईना ना खाली. मग तो घसरत आला, आणि छातीचं, मांड्यांचं कातडं बांबूवर ठेवून आला. लोक पोट धरून हसत होते. मला वाटलं, आता ही त्याला सोलून काढणार. पण तिनं हसणाऱ्यांनाच शिव्या घातल्या, पहिलवानाला पालात नेलं आणि त्याच्या जखमांवर हळद-तेल लावलं. लावताना मात्र बडबडत होती, "ताकद काहून लावतं रे बांबूले? तो काय कुस्ती खेळते तुयाशी?"

तो बांबू तिच्या सासऱ्याचा होता. चांगली तीन माणसं एकावर एक उभी केली तरी वर उरेल एवढा, आणि तळव्यांनी घासून घासून पितळेसारखा झालेला. पण त्याला मधोमध चीर गेली होती. तिथं तिनं तारेचे वेढे मारले होते. दर वर्षी एक वेढा वाढत होता आणि ते मला दिसत होतं.

"नवा का घेत नाही, बाई? पैनगंगेच्या काठी बांबूला काय तोटा?"

"हिरवा बांबू माणसाले फेकते," ती म्हणाली.

चढायचा बांबू तयार व्हावा लागतो. दोन पावसाळे तो छपराखाली, चुलीच्या धुरात आडवा ठेवायचा. भिंतीला टेकवायचा नाही. महिन्याला थोडा फिरवायचा, नाहीतर एका अंगाला वाकतो. हे सगळं एकाच जागी व्हायला हवं. आणि या लोकांना एकाच जागी कोण राहू देतं? पाल पडलं की पोलीस पाटील आलाच. "किती दिवस? कोठून आले? कोंबड्या कोणाच्या?" आज इथं, परवा पुढच्या नाल्यावर. माणसं पालात राहतात हो, हिरवा बांबू पालात राहत नाही.

तिनं एकदा उमरखेडकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात नवा बांबू ठेवला होता. वर्षानं गेली तर त्याची शिडी झालेली. त्या शिडीवर चढून तो शेतकरी तिच्यासमोर कौलं शाकारत होता. मी म्हटलं, माझ्याकडे ठेवा. तर म्हणाली, "तुमच्याकडं? लग्नसराईत मंडपाले लावसान तुमी."

म्हणून तिला एक खोपडी हवी होती. चार कुडाच्या भिंती, वर छप्पर, खाली चूल. म्हातारपणी आरामात पडायला नव्हे, बांबू वाळवायला. हे ती ज्याला त्याला सांगे आणि ज्याला त्याला ते गमतीचं वाटे.

फुलसावंगीच्या पलीकडे एक गाव आहे. नाव घेत नाही; गावात चांगली माणसंही आहेत. तिथल्या सरपंचानं तिला शब्द दिला. शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मोठे पुढारी यायचे होते. "साहेबांसमोर खेळ कर. त्यांच्याच तोंडून तुला गावठाणात जागा जाहीर करवतो." जागासुद्धा दाखवली, नाल्याच्या वरच्या अंगाला, बाभळीखाली. मला भोंगा घेऊन बोलावलं होतं. मी एसटीच्या टपावर पेटी टाकून आदल्या दिवशीच पोचलो, तेव्हा ती त्या जागेवर उभी राहून नवऱ्याला हातानं दाखवत होती. चूल इथं, आढं असं, बांबू असा. तिला इतकं गोड बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

सरपंचाच्या माणसांनी बांबू आदल्या दिवशीच मागून नेला होता. रोवायला खड्डा करायचा आहे, माप घेतो म्हणाले. ती तो कधी कोणाच्या हाती देत नसे. त्या दिवशी दिला.

सकाळी आम्ही शाळेपुढे गेलो. बांबू मंडपाच्या दारात दोन बाकड्यांवर आडवा ठेवला होता आणि त्याला बुडापासून शेंड्यापर्यंत तेलकट रंग फासला होता. केशरी, पांढरा, हिरवा. तारेच्या वेढ्यांवरूनही. चकाकत होता नुसता. सरपंच शेजारीच उभे होते, मुलाचं बारसं असल्यासारखे खूश.

"कसा दिसते? साहेब खूश होऊन जातीन!"

त्यांनी मुद्दाम काही वाईट केलं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की आपण तिचा मान केला. मला अजून राग येतो तो याचाच. तिला एका शब्दानं विचारावं, हे उद्घाटनाच्या त्या अख्ख्या कमिटीत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तिनं बांबूवर तळहात ठेवला. तो सरकन पुढे घसरला.

"हा रंग काढा," ती म्हणाली.

"काढा? आता?" सरपंच हसले. "अवं, शोभा हाये ते. चढ तशीच. रोजचं काम हाये तुयं."

"पाय धरणार नाही हा. मी मरीन."

"मरत नाही कोणी. साहेब येऊन राह्यले, तमाशा नको करू."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पालाकडे गेला आणि विळा घेऊन आला. ती बाकड्याशी खाली बसली आणि रंग खरडू लागली. एवढंच केलं तिनं. ना रडली, ना शिवी दिली. जी बाई माझ्या भोंग्याला शिव्या देत असे, ती त्या दिवशी तोंडातून अक्षर न काढता खरडत होती.

तेवढ्यात जीप आली. हार झाले, तुतारी झाली. पुढारी दारातून आत जाताना थबकले. "काय चाललंय हे?"

सरपंच घाईनं म्हणाले, "काही नाही साहेब, डोंबारीण हाये. डोकं फिरलेली."

"झेंड्याचे रंग खरडून राह्यली ती!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. ज्या गावानं झेंड्याचे रंग पायाखाली देण्यासाठी फासले होते, त्याच गावाला एका क्षणात झेंड्याचा अपमान दिसला. काय म्हणावं या अकलेला?

पुढाऱ्यांनी मान हलवली, मंचावर जाऊन बसले, आणि माझ्या माइकसमोर उभे राहून बोलू लागले. भटकणाऱ्या आपल्या बांधवांना आता हक्काची जागा मिळाली पाहिजे, असं बोलले. टाळ्या पडल्या. मंडपाच्या दारात ती खरडतच होती, आणि माझा भोंगा ते भाषण तिच्या डोक्यावर ओतत होता.

मी वायर उपटली.

पुढारी ओठ हलवत राहिले. मग थांबले. त्या शांततेत सगळ्या मंडपाला विळ्याची खरखर ऐकू आली. खर्र, खर्र. शाळेची मुलं माना वळवून बघत होती. सरपंच दात खात माझ्याकडे आले. मी म्हटलं, बॅटरी उतरली.

त्या गावानं मला पुन्हा बोलावलं नाही. मी गेलोही नसतो.

संध्याकाळच्या आत पाल उठवण्याचा हुकूम पोलीस पाटलानं दिला. जागा गेली. बांबूही त्यांनी ठेवून घेतला, पुरावा म्हणून. कशाचा पुरावा ते कोणी सांगितलं नाही. पुढच्या झेंडावंदनाला तोच शाळेपुढे रोवला होता, नवा रंग देऊन. त्या संध्याकाळी ती निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर एसटीच्या थांब्यापर्यंत चाललो. वाटेत ती म्हणाली, "खेळ पाहाले दिवसभर मान वर करून उभे राह्यते लोकं. बसायले हातभर जागा नाही देत."

हिवाळा संपता संपता ती दिग्रसला माझ्या दारात उभी राहिली. तिच्या खांद्यावर हिरव्या बांबूचं एक टोक, नवऱ्याच्या खांद्यावर दुसरं.

"ठेवसान का?"

आमचं स्वयंपाकघर तेवढं लांब नव्हतं. मी भिंतीला भोक पाडलं. बांबूचं एक टोक बायकोच्या चुलीवर, दुसरं भिंतीतून गल्लीत बाहेर. बाहेरच्या टोकाला पाऊस लागू नये म्हणून मी तेलाचा डबा घातला. घरमालक भडकला, शेजारी हसले, बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. बाईनं मात्र सगळं खालून वरून तपासलं आणि दम दिला, "मंडपाले लावला त भोंगा फोडीन तुमचा."

"फोडा."

ती हसली. मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हाच.

पहिला पावसाळा झाल्यावर ती आली. नख मारून पाहिलं, कान लावून बोटानं वाजवून पाहिलं आणि मला झाडलं. "फिरवत नाही तुमी बरोबर. पाहा, पोट आलं त्याले." जाताना बायकोच्या हातात सीताफळांची पाटी दिली. तोवर ती बाजारात जमिनीवरचे खेळ करत होती. गळ्यानं सळई वाकवणं, कोलांट्या, असलं काहीतरी. लोक खाली बघून टाळ्या वाजवत. तिला ते आवडत नव्हतं हे मला आणि तिच्या नवऱ्याला दिसत होतं.

दुसरा पावसाळा झाला. ती आली नाही. तिसराही झाला. जत्रांमधून मी डोंबाऱ्यांना विचारत फिरलो. कोणी म्हणे आदिलाबादकडे गेले, कोणी म्हणे माहूरच्या जत्रेत नवरा एकटाच दिसला, ढोलकी नव्हती. कोणी म्हणे हिरव्या बांबूवर चढली कुठंतरी, पोटासाठी. खरं काय ते कळलं नाही. सरपंचांचा मात्र मधे सत्कार झाला. भोंगा दुसऱ्याचा होता, पण आवाज पार बाजारापर्यंत ऐकू आला म्हणतात.

बांबू आता मधासारख्या रंगाचा झाला आहे. वाजवला की खणखणतो. परवा एक मंडपवाला आला. "चांगला माल हाये, भाऊ. कायले ठेवून राह्यले? देऊन टाका." मी त्याच्यावर असा ओरडलो की चुलीपुढून बायको उठून बाहेर आली. तो गेल्यावर तिनं दार लावलं आणि स्टूल आणून दिलं. मी वर चढलो आणि या महिन्यापुरता बांबू फिरवून ठेवला.