ढोकीजवळचं पाचट आणि एक अबोला

दोन महिन्यांपूर्वी पाहिलेली एक रील डोक्यातून जाईना, म्हणून मी सोलापूरहून निघाले. तोडणी झालेल्या उसाच्या शेतात पाचट, म्हणजे वाळलेला पाला, जळतंय आणि मागून एक मुलगी पोटतिडकीने सांगतेय, "हा धूर आपणच खातोय!" मी मेसेज केला. अश्विनीचं उत्तर आलं, "ताई, या की. पण ती रील मी काढून टाकलीय."

सकाळची एसटी, बायकांना अर्धं तिकीट. तुळजापूरला चहा, धाराशिवला गाडी बदलून ढोकी. हंगामात जाणार असाल तर वेळ हाताशी ठेवा. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलं की एसटी नुसती सरपटते.

फाट्यावर अश्विनी स्कूटी घेऊन उभी होती. घरी तिच्या काकूंनी गरम भाकरी, शेंगांची चटणी वाढली आणि खरं काय ते कळलं. रीलमधलं शेत तिच्या चुलत्यांचं, म्हणजे काकूंच्या नवऱ्याचं, तात्यांचं. तोंड दिसत नव्हतं, पण विहिरीवरचं वाकडं लिंबाचं झाड गावाने ओळखलं. तेव्हापासून तात्यांचा तिच्याशी अबोला. एकाच घरात!

"माझंच चुकलं," अश्विनी म्हणाली. "जगाला सांगत सुटले, घरात विचारलंच न्हाय."

मग तिने काकूंचा बचत गट गाठला. गटातल्या काही बायकांनी चार-चार सऱ्यांतलं पाचट न जाळता ठेवलं. त्याचे फोटो गटाच्या ग्रुपवर फिरू लागले. तात्यांचा दुसरा तुकडा कालच तोडून झाला होता आणि आज ते पेटवणार होते. गटातल्या बायकांना घेऊन आम्ही लगेच शेताकडे निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा तात्यांच्या हातात काडेपेटी होती. काकूंनी दोन घमेली पुढे ठेवली. एकात शेजारणीच्या पाचटाखालची माती, दुसऱ्यात त्यांच्याच जाळलेल्या तुकड्यातली. तात्यांनी दोन्ही मुठीत दाबून पाहिल्या.

"ही ओली हाय. पाणी कधी दिलं?"

"दोन्हीला एकाच दिवशी."

"अन् पाचटात उंदीर होत्यात त्याचं काय?"

"घरातली मांजरं काय नुसती दूध प्यायला हाईत व्हय?"

बायका हसल्या. तात्यांनी काडेपेटी खिशात टाकली. मग अश्विनी दोन हातांच्या अंतरावर उभी असतानाही मला म्हणाले, "मॅडम, तिला सांगा, काढ म्हणावं व्हिडिओ. या बारीला माझं तोंड दिसू दे."

घरी परतले आणि तिसऱ्या दिवशी रील आली. मला फार फार आनंद झाला. टोपी नीट करून ताठ उभे राहिलेले तात्या ओल्या मातीबद्दल सांगतात. शेवटी कॅमेऱ्याच्या मागे बघून विचारतात, "अश्वे, नीट आलं का गं?"

तेवढा भाग तिने कापलेला नाही.