दादाच्या खिशातली चिठ्ठी

माझा थोरला भाऊ बाइंडर. चाळीस वर्षं त्याने पुस्तकं बांधली, आणि त्याच्या हातची शिलाई उसवलेली कुणी पाहिली नाही. दुकान आम्हा दोघांचं, पण लोक त्याच्याच नावाने येत.

मागच्या वर्षी जिन्यावरून पडून त्याचं कपाळ फुटलं. महिन्याभरात तो कामावर आला. जुनी गिऱ्हाइकं नावानिशी आठवायची, थट्टाही पूर्वीसारखीच. कामाचा मात्र विचका. शिवायच्या आधीच कडा कापून टाकायचा, मग शिवल्यावर पानं खालीवर. एकदा पुठ्ठ्याला खळ लावायला बसला तो डबा संपेपर्यंत लावतच राहिला.

मी जात्याच संशयी. बायको म्हणते, दुधात पाणी नसलं तरी मला दिसतं. दादाच्या जावयाचा आमच्या जागेवर डोळा होता. धंदा बुडवायचा, मी वैतागून निघून जायचं आणि जागा जावयाच्या घशात, असा यांचा बेत असणार! डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की कपाळामागचा मेंदू मुकादमासारखा असतो. आधी काय, नंतर काय, थांबायचं कधी, ते तो ठरवतो. हातातली कला शाबूत राहते, मुकादम तेवढा जायबंदी होतो. मी मान डोलावली. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

एका दुपारी बाहेर जातो म्हणून सांगितलं आणि कागदाच्या थप्पीमागे लपलो. दादाने सुई उचलली, ठेवली. सुरी उचलली, ठेवली. असं अर्धा तास. मग दाराकडे पाहून त्याने खिशातून चिठ्ठी काढली. लांबूनही अक्षर ओळखलं, जावयाचं. सापडला चोर! मी पुढे होऊन ती हिसकावली.

‘आधी शिवा. मग पाठीला खळ. सुकू द्या. मग कडा कापा.’ खाली बारीक अक्षरात, ‘काकांसमोर काढू नका.’

लाज वाटली, आणि राग आला तो स्वतःचाच.

दादा खाली बघत म्हणाला, “मला सगळं येतं रे. सुरुवात कुठून करायची, तेवढंच सापडत नाही.” मग त्याने विचारलं, “मला दुकानातून काढणार का?”

त्याला काढायच्या कागदावर मी सकाळीच वकिलाकडे सही करून आलो होतो.