लेन्स माझ्या डोळ्यात, प्रश्न भाच्याला

परवा सकाळी पाणी भरलं, पूजा केली, तांदूळ दोनदा निवडले, तरी जेवताना दाताखाली खडा आला. तेव्हाच ठरवलं, आता डोळे दाखवायचे.

काल भाचा सुहास मला ठाण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. मोतीबिंदू निघाला. मग तिथल्या समुपदेशक बाईंनी लेन्सचा तक्ता उघडला. साधी लेन्स, दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारी, तिरपा नंबर घालवणारी, आणि वर लेसर वेगळं. हे सगळं त्या सुहासला सांगत होत्या!

"सर, आजींना प्रीमियमच घ्या. चष्मा जाईल."

"हो, बेस्टच घेऊ ना, मावशी," सुहास म्हणाला.

"अरे, डोळा कोणाचा आहे?"

"आजी, टेन्शन नका घेऊ. सर बघतील."

मी चौथी शिकलेली. हे गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून वाचनालयातून पुस्तकं आणून ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. आजही माझी दुपार पुस्तकातच जाते. साधी लेन्स दूरसाठी बसवायची की जवळसाठी, हे ठरवता येतं, एवढं मीही वाचलंय. पण तुम्ही दिवसभर डोळ्यांनी काय करता, हे कुणी विचारलंच नाही.

तुम्हाला तरी विचारलं होतं का?

आज सकाळी कोपरच्या घरून मी एकटीच दवाखान्यात परत गेले. डॉक्टरांसमोर पुस्तक धरलं आणि म्हटलं, "एवढ्या अंतरावरचं मला चष्म्याशिवाय दिसू दे. दूरसाठी लावीन चष्मा." त्यांनी कागदावर तसं लिहिलं. खाली मी सही केली.